उदेपूरला नेलेले वाल

तिच्या नाकात काहीतरी हाय हे मला कळलं तेव्हा आमची नाव तळ्याच्या मधोमध होती, आणि सगळी माणसं दुसरीकडं बघत होती. सगळ्यांचे फोन त्या पाण्यातल्या पांढऱ्या महालाकडं. मागनं कोणतरी बोललं, दीपा, तू पण बघ की गो, पाण्यात महाल हाय. मी बघत होती माझ्या मांडीवर. स्वरा, माझी पोरगी, अडीच वर्षांची, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. त्यांनी दिलेल्या केशरी जॅकेटात तिची मान बुडालेली, फक्त तोंड वर. आणि उजव्या नाकपुडीत काहीतरी तपकिरी, ओलं, चकचकीत, त्याच्यावर पांढरी रेघ.

ती रेघ आमच्याकडं आंधळ्याच्या बोटालासुद्धा कळते. वाल होता तो. आमच्या निडीच्या शेतातला कडवा वाल, उदेपूरच्या तळ्यात, राजाच्या महालासमोर, माझ्या पोरीच्या नाकात.

"अहो," मी बोलली. त्यांचा शर्ट ओढला. परत बोलली, "अहो, स्वराच्या नाकात वाल गेलाय."

स्वराचे पप्पा फोटो काढत होते. त्यांना वाटलं मी काहीतरी गंमत सांगते. हसत हसत वळले, आणि तिचं तोंड बघून त्यांचं हसू तसंच राहिलं, पुसायचं राहून गेल्यासारखं.

आता परत थंडी पडलीय. भात कापून झालं की त्याच ओलीवर आमच्याकडं वाल टाकतात, त्याला वरनं पाणी लागत नाय, दवावर येतो. सकाळी निडी स्टेशनच्या बाजूनं चालत गेलं की शेतात तो खाली पसरलेला दिसतो, जांभळी-पांढरी फुलं, पानांवर दव, पायाची बोटं भिजतात. संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, शेंगा घालायच्या, मीठ-ओवा, मडकं उलटं करून भोवती जाळ. तो वास माझ्या दारापर्यंत येतो. लहानपणापासून मला तो वास आवडतो. पण आता तो वास आला की मी नाक मोजते. म्हणजे स्वराचं नाक बघते. दोन्ही भोकं मोकळी हायत का. तिला सवय झालीय. मी जवळ गेली की ती आपणच मान वर करते.

आणि दुपारी पडवीत वाल सोलायला बसतो. गेल्या सालातले वाळलेले वाल भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक सोलायचे. दोन बोटात धरून दाबला की साल हातात राहते आणि आतला हिरवट दाणा टुचुक करून उडतो. सोलताना तोंड मोकळं असतं, म्हणून बायका एकत्र बसतात. आमच्याकडं सासू, मी, आणि शेजारची मंजू. मंजू माझ्याच वयाची, माझ्यामागनं वर्षानं लग्न होऊन आली. आमची भिंत एक, मधला नळ एक. ती नक्कल करायची सगळ्यांची, सासूची तर सासूच्या तोंडावर. सासूपण हसायची.

आता मंजू येत नाय सोलायला. तिच्या पडवीत ती एकटी बसते, माझ्या पडवीत आम्ही. मध्ये भिंत. का येत नाय ते सांगते, पण आधी उदेपूरचं सांगायला लागेल, नायतर कुणाला पटणार नाय.

पेणचा एक मिनीबसवाला थंडीत ट्रिप काढतो. स्वराचे पप्पा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात, गेल्या थंडीत कंपनीचा शटडाऊन आला आणि त्यांना सुट्टी मिळाली. तोपर्यंत मी लांब म्हणजे पनवेल. नववीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी स्वरा. राजस्थान मला पुस्तकातल्या नकाशात माहीत होतं, वरती डाव्या बाजूला, पिवळ्या रंगाचं. आम्ही तिघं आणि सासू, आणि बसभर आमच्या आजूबाजूच्या गावची माणसं. गडबजवळ हायवेला चहाला थांबलो तोच बसमधी ठरलं, जेवण आपलं आपण करायचं. मागच्या सीटखाली शेगडी, टोप, तांदळाची गोण. आणि सासूच्या पिशवीत वाल.

"तिकडं काय मिळणार गो," सासू बोलली. "पिठाचे गोळे तुपात बुडवून खायचे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माणसं माझं नाव घेतील बघ."

आणि खरंच घेतलं. धर्मशाळेत उतरलो त्या रात्री सगळे बोलले, आई, परवाला बिरडं होऊ दे. सासूनं लगेच वाल भिजवले. सकाळी उपसून पंचात बांधले. पण उदेपूरची थंडी आपल्यासारखी नाय. आपली थंडी म्हणजे सकाळी शाल, दुपारी पंखा. तिकडची लादीतनं वर येते, भिंतीतनं येते. संध्याकाळपर्यंत वालाला मोडाचं नाव नाय. सासूनं पुरचुंडी सोडून बघितली, नाक लावलं, परत बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला निघालो तर तिनं पुरचुंडी माझ्याकडं दिली.

"पोटाशी धर. शालीत घे. अंगाची ऊब लागली की दुपारपर्यंत फुटतील."

"आई, देवळात, महालात घेऊन फिरू?"

"मग काय, रूममधी थंडीनं मरू दे त्यांना?"

असं बोलली जशी वाल म्हणजे कुणाची पोरं. पण मी हसली नाय, मला त्यात काही वेगळं वाटलंच नाय. आमच्याकडं थंडीत बायका असंच करतात, चुलीजवळ ठेवतात, गोधडीत ठेवतात, माझी आई तर कुशीत घेऊन झोपायची. म्हणून मी उदेपूर बघितलं ते असं, एका कडेला स्वरा, दुसऱ्या कडेला वालाची पुरचुंडी, वरनं एकच शाल. दोघांना माझीच ऊब.

आधी देऊळ. रस्त्यावरनं एकदम उभ्या पायऱ्या, दोन्ही बाजूला दगडाचे हत्ती, वरती पांढरं शिखर आभाळात घुसलेलं. भिंतीवर हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बाया, एवढ्या की बघताना मानेला रग लागली. आत बायका जमिनीवर बसून भजन म्हणत होत्या, आपल्याला शब्द कळत नाय पण टाळी कळते. सासू गुडघे धरत पायऱ्या चढली, तिनं देवाला हात जोडले आणि मला बोलली, पुरचुंडी दे. सोडली, दोन वाल काढले आणि देवापुढं ठेवले. "आमच्या शेतातले हायत बाबा," बोलली, मराठीत. मग परत बांधून माझ्याकडं दिली. स्वरा माझ्या कडेवरनं बघत होती, एकदम लक्ष देऊन. पोरं असं बघतात तेव्हा आपल्याला वाटतं, शहाणं हाय. ती शिकत होती की या गाठोड्यात हात घालतात, आतनं काढतात, आणि कुठंतरी ठेवतात.

मग महाल. दारात तपासणाऱ्या बाईनं माझी शाल बाजूला केली.

"ये क्या है?"

"खाना है," मी बोलली.

तिनं गाठ सोडायला लावली. आतनं तो ओल्या वालाचा वास आला, उग्र, आपल्याला सवयीचा, तिनं पदरच नाकाला लावला. सासू पुढं झाली आणि तिच्या हिंदीत समजवायला लागली, "अंकुर आ रहा है, उसको थंडी नाय लगनी चाहिये." त्या बाईनं स्वराकडं बघितलं, पुरचुंडीकडं बघितलं आणि बोलली, "बच्ची से ज़्यादा तो इसको ओढ़ाके रखा है आपने." मागची लाईन हसली. आम्हीपण हसलो. स्वराचे पप्पा लांब जाऊन उभे राहिले, जशी आम्ही त्यांची कुणी नाय. गाठ मी परत मारली, एका हातानं, दुसऱ्या हातात स्वरा. एका हाताची गाठ ती.

महाल काय सांगू. आतले जिने एवढे अरुंद की पुढच्याची टाच आपल्या गुडघ्याला. दारं बुटकी, शत्रू आला तर वाकून यावं म्हणून, असं गाईड बोलत होता, आणि स्वराचे पप्पा प्रत्येक दारात डोकं आपटत होते. भिंतीवर काचेच्या तुकड्यांचे मोर, हिरवे निळे, उन्हात असे चमकतात की पिसं हलल्यासारखी वाटतात. एका खोलीच्या खिडकीला रंगीत काचा होत्या. ऊन त्यातनं जमिनीवर पडलं होतं, लाल, पिवळं, निळं. स्वराला खाली सोडली तर ती त्या रंगात उड्या मारायला लागली. लाल काचेखाली पोरगी लाल, पिवळीखाली पिवळी, निळ्या काचेखाली तोंड, ओठ, सगळं निळं. मी हसली. फोटो काढला. तो फोटो अजून फोनमधी हाय. काढून टाकवत नाय, बघवत नाय.

उन्हं उतरताना नावेत बसलो.

माझं माहेर धरमतरच्या खाडीला लागून हाय, त्यामुळं पाणी मला नवं नाय. पण आमचं पाणी येतं-जातं. भरती आली की खाडी फुगते, बंदराच्या मालाच्या बार्जी वर उचलल्या जातात, ओहोटीला खाली बसतात आणि चिखल उघडा पडतो. लहान असताना मला वाटायचं खाडी श्वास घेते. त्या तळ्याचं पाणी मी बघितलं आणि मला पहिलं हेच वाटलं, हे पाणी श्वास घेत नाय. सगळीकडनं बांधलेलं, घाट, महाल, डोंगर, आणि मधी हे गप्प, सोन्याच्या ताटासारखं. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू. सूर्य डोंगराच्या मागं चालला होता, गार वारा लागत होता, आणि कधी नव्हे ते माझ्या डोक्यात काही नव्हतं. ना चूल, ना पाणी, ना डबा. स्वरा मांडीवर गप्प होती. पोर गप्प बसलं की आईनं बघावं, हे मला माझी आई सांगायची. मी तळं बघत बसली.

ती शालीच्या आत गाठोड्याशी खेळत होती.

मग ते तोंडानं श्वास घेणं मला ऐकू आलं. आणि वाल कसा दिसला ते मी सुरुवातीला सांगितलं.

नावेतली माणसं एकदम उठली, नाव एका बाजूला कलली. नाववाला ओरडला, "बैठ जाओ, सब बैठ जाओ, पलट जाएगी." सगळे बसले, पण सगळे बोलत होते. डोकं खाली करा. पाठीत मारा. पाणी पाजा. सासूनं कमरेची तपकिरीची डबी काढली, तिच्या बहिणीची सवय, तिला लागलेली, आणि चिमूट धरून पुढं आली. "एक शिंक आली की पडंल भायेर. धर तिला."

"आई नको, शिंकायच्या आधी आत ओढंल ती," मी बोलली. कुठनं सुचलं माहीत नाय. शिंकायच्या आधी आपण हवा आत घेतो एवढं मला ठाऊक होतं, बस.

स्वराच्या पप्पांनी माझ्या केसातला आकडा ओढून काढला. "धर तिचं डोकं. मी अलगद काढतो." नाव डुलत होती. आकडा वालाला लागला. ओला वाल साबणासारखा असतो, तो बाहेर यायच्या ऐवजी आत सरकला. पांढरी रेघ दिसायची बंद झाली. स्वरा किंचाळली आणि किंचाळताना तिनं जो श्वास आत घेतला, त्याचा आवाज. मी तो आवाज सांगू शकत नाय. जिथं श्वास जातो तिथं वाल जाणार, मला एवढंच दिसत होतं. मी त्यांच्या मनगटाला धरलं. चावली असंन बहुतेक, नंतर तिथं व्रण होता.

"किनारे पे अस्पताल है, पास में," नाववाला बोलला, नाव वळवली होती त्यानं. "थोड़ा टाइम दो बहनजी, बच्ची को रोने मत दो."

किनारा दिसत होता. घाटावर लाईट लागायला सुरुवात झाली होती. लांब नव्हता किनारा. पण स्वराचे ओठ त्या काचेखालच्यासारखे दिसायला लागले होते. उन्हं गेली होती, गार होतं, ती रडून दमली होती, सगळं खरं. नंतर मला सगळे बोलले, तो तुझ्या डोळ्यांचा भास, एका नाकपुडीनं पोरगी निळी होत नाय. असंल. माझ्याकडं तेव्हा तेच डोळे होते.

माझ्या आईच्या घरी चूल होती, लोखंडी फुंकणी होती. फुंकणीत राख अडकली की मी पुढनं काडी घालायची, आणि आई ओरडायची, आत ढकलतेस कशाला, पलटी कर नि फुंक. आणि आमची शेळी व्यायची तेव्हा पिल्लू गप्प पडलेलं असलं की आत्या त्याचं तोंड पुसून तोंडात फुंकर मारायची. ह्या दोन गोष्टी. ह्याच्यापलीकडं माझ्याकडं कसलं शिक्षण नव्हतं. पुढनं अडकलंय तर मागनं फुंकायचं. नाकाचं मागचं भोक म्हणजे तोंड.

मी तिला मांडीवर आडवी केली. डावी नाकपुडी बोटानं दाबली. माझं तोंड तिच्या तोंडावर ठेवलं, गच्च, आणि फुंकलं.

काय झालं नाय. फक्त तिचे गाल फुगले आणि ती गुदमरली आणि हातपाय झाडायला लागली. स्वराचे पप्पा ओरडत होते, "सोड, मरंल ती, सोड तिला." सासू देवाचं नाव घेत होती. मी तोंड उचललं, ती परत आत श्वास घेणार त्याच्या आधी परत ठेवलं. परत फुंकलं, पोटातनं, जसं ओल्या लाकडाला फुंकतात.

माझ्या गालाला काहीतरी गरम लागलं. शेंबूड, थोडं रक्त, आणि वाल. गालावरनं घसरून नावेच्या फळीवर पडला. त्याला मोड आला होता. बारीकसा, पांढरा.

स्वरा रडली, आणि नाकातनं रडली. दोन्ही नाकातनं.

मग सासू उठली. माझ्या शेजारची ती पुरचुंडी उचलली आणि तळ्यात फेकून दिली, जशी नजर काढून फेकतात, मागं न बघता. आमच्या खाडीत ओहोटीनं तिला समुद्राला नेली असती आणि विषय संपला असता. तिथं ती, पंचात हवा भरून, नावेच्या बाजूलाच तरंगत राहिली. कुठं जाईना. नाववाल्यानं आकडीच्या बांबूनं ओढून घेतली, पाणी निथळत सासूच्या पायाजवळ ठेवली. "माताजी, तालाब में कचरा मत डालो."

घाटाला उतरून आम्ही आधी दवाखान्यात धावलो. डॉक्टर तरुण होता, डोळ्याखाली काळं. लाईट लावून दोन्ही नाकं बघितली, घसा बघितला, छातीला नळी लावली. बोलला, सब ठीक है. मग मला विचारलं, निकाला किसने? मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"सही किया," तो बोलला. "हम भी कभी-कभी माँ से यही करवाते हैं." आणि माझा जीव कुठं खाली बसतोय तर पुढं बोलला, "लेकिन वो रो रही थी ना? रोते में बच्चा साँस अंदर खींचता है. उस टाइम अंदर चला जाता तो..." आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहायला लागला. ते वाक्य त्यानं पुरं केलं नाय. कधी कधी भांडी घासताना मी ते वाक्य पुरं करते, आणि हातातलं भांडं खाली ठेवते.

वालाला सकाळी टरारून मोड आले. सासूनं ते चार पाण्यातनं धुतले, बायकांनी सोलले, बिरडं झालं. सगळे बोलले, असं बिरडं कधी खाल्लं नाय. मी भात आणि ताक खाल्लं.

निडीला परत आल्यावर आमची कथा आमच्या आधी पोचली होती. बसमधल्या माणसांनी तिला शिंगं लावली. कुणी बोललं पोरगी मेल्यात जमा होती, दीपानं जीव फुंकला. पाण्याच्या टाकीवर बायका वाट सोडायला लागल्या मला. मंजू तर माझी नक्कल करायची, तोंड फुगवून, फू करून, आणि पडवी हसायची. "आमची फुंकणीबाय," बोलायची. "दीपाला विचारा, राजाचा महाल कसा होता. तिनं वालच बघितला फक्त." मीपण हसायची. हसताना बरं वाटायचं, वाटायचं झालं ते झालं, चांगलं झालं.

आणि ह्या थंडीत, आता काही दिवसांमागं, आम्ही पडवीत सोलत बसलो होतो. मंजूचा शौर्य, दोन वर्षांचा, तिच्या पाठीवर रेलून उभा. मी स्वराला मांडीत घट्ट धरून बसली होती. आपलं पोर धरलं होतं मी. एकदम मंजू बोलली, "ए, तोंड उघड. काय केलंस? ए शौर्य." आणि मग माझ्याकडं तोंड करून, "दीपा, अगो गेला, नाकात गेला."

वालच. सोललेला, टोपलीतला, उजव्या नाकपुडीत. ती पांढरी रेघपण नाय, गुळगुळीत नुसता.

मंजूनं विचारलंसुद्धा नाय. पोराला उचललं आणि माझ्या मांडीत टाकलं. "फुंक," बोलली. तिच्या तोंडावर भीतीपण नव्हती, एवढी खात्री होती तिला. सासू बोलली, "व्हय, फुंक गो, तुला जमतं." गल्लीतल्या बायका जमल्या. शौर्यच्या हनुवटीला मी हात लावला. दुधाचा वास येत होता त्याला. डावी नाकपुडी दाबली. वाकली. माझे ओठ त्याच्या ओठांपर्यंत गेले आणि तो रडला, आणि रडताना त्यानं श्वास आत घेतला. तोच आवाज. माझ्या तोंडातली हवा त्यानं ओढून घेतली असं वाटलं मला.

आणि माझी फुंकर निघाली नाय.

"रिक्षा आणा," मी बोलली. "रोह्याला नेऊ. कोणी हात लावू नका त्याला."

"फुंक ना गो," मंजू बोलली.

"नाय मंजू. आत गेलं तर."

"स्वराचं नाय गेलं ना आत?"

"नाय गेलं," मी बोलली. "नाय गेलं म्हणून बोलतेय."

तिला ते कळलं नाय. मला तरी कळलं होतं का. रिक्षात ती त्याला धरून बसली, मी तिच्या बाजूला. निडीपासनं रोह्यापर्यंतचा रस्ता मी आयुष्यभर पाहिलाय असं वाटतं, पण त्या दिवशी तो संपेना. शौर्य तोंडानं श्वास घेत होता, प्रत्येक खड्ड्याला एक शिट्टीसारखा आवाज. मंजू बाहेर बघून बोलली, हळू, मला ऐकू जाईल एवढंच, "आपल्या पोरीला जीव, दुसऱ्याच्या पोराला रिक्षा."

तिच्या जागी मी तेच बोलली असती.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं चिमट्यासारखं काहीतरी घातलं आणि वाल काढला. आपण डोळा मिटेपर्यंत झालं. शौर्य ठीक हाय. परवा माझ्या दारात कोंबडीमागं धावत होता. मंजूनं त्याला भिंतीपलीकडनं हाक मारली, माझं नाव न घेता.

सासू बोलते, तू फुंकायला पायजे व्हतं, शेजारधर्म असतो. स्वराचे पप्पा बोलतात, बरं केलंस, उद्या काय झालं असतं तर गावानं तुला सोडलं नसतं. ज्यांनी तिथं नावेत मला ओरडून सांगितलं होतं सोड तिला, तेच. दोघांचं ऐकते मी. दोघांचं खरं वाटतं. पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नाय. गाव काय बोलंल म्हणून मी थांबली नव्हती. स्वराच्या वेळी मला माहीत नव्हतं की काय काय होऊ शकतं. शौर्यच्या वेळी माहीत होतं.

आता दुपार उतरलीय. टोपलीत वाल हायत, स्वरा माझ्या शेजारी पाटावर बसलीय, तिला सोलायचंय. मी आधी तिचं नाक बघितलं. मग एक वाल तिच्या बोटात दिला. एकच. तिनं दाबला, दाणा उडाला, ती हसली आणि परत हात पुढं केला. भिंतीपलीकडं मंजू एकटी सोलतेय. तिची बांगडी वाजते ती मला ओळखू येते, आणि मधनं मधनं शौर्यला ती ओरडते, तोंडात घालू नको, नाकात घालू नको, इकडं ये, बघू. म्हणजे आता तीपण बघते नाक.

मला तुम्हाला एवढंच विचारायचंय. तिनं पोर तुमच्या मांडीत टाकलं असतं, सगळी आळी बघत असती, आणि तुमच्या ओठांपाशी त्या लेकरानं रडून श्वास आत ओढला असता. तुम्ही फुंकलं असतं का?